आधी सबस्टेशन, मग जमीन : ५० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारताना आणि चालवताना

गेल्या दिवाळीत मावसभावाचा फोन आला. "दादा, डभोईच्या पुढे दोनशे एकर सलग मिळतेय. मालक दोनच आहेत. सोलरसाठी बयाणा देऊन टाकू का?"

मी विचारलं, "जवळचं सबस्टेशन कुठलं? किती केव्हीचं? त्यात जागा किती शिल्लक आहे?"

तो गप्प झाला. मी म्हटलं, "मग बयाणा थांबव."

त्याला पुढचे दोन तास फोनवर जे सांगितलं ते इथे नीट लिहून काढतोय. बडोद्याच्या कलाभवनातून, म्हणजे विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विद्याशाखेतून, बाहेर पडून सौर कंपनीत लागणारी आपली मुलं, भाड्याने जमीन देऊ पाहणारे शेतकरी आणि आता मोठं काही करावं म्हणणारे लहान ठेकेदार, सगळे मला एकाच क्रमाने प्रश्न विचारतात, आणि तो क्रम उलटा असतो. पॅनेलपासून सुरू करून जमिनीवर येतात आणि वायरचा विचार सगळ्यात शेवटी करतात. बाजारात पॅनेल पैसे टाकून केव्हाही मिळतं. सबस्टेशनमधली मोकळी बे, म्हणजे आपली लाइन जोडायची जागा, आणि पुरात न बुडणारी जमीन मात्र पैसे टाकूनही मिळेलच असं नाही.

आकडे डोळ्यांसमोर राहावेत म्हणून सगळीकडे एकच उदाहरण घेतो : ग्रिडकडे ५० मेगावॅट एसी, पॅनेलच्या बाजूने ७० मेगावॅट डीसी. पॅनेलची वीज डीसी असते, इन्व्हर्टर तिची ग्रिडला चालणारी एसी करतो.

सबस्टेशन

बडोद्यात राहणाऱ्याला एक मोठी सोय आहे. २००५ साली गुजरात विद्युत बोर्डाचे तुकडे होऊन ज्या कंपन्या झाल्या, त्यांतली वीज विकत घेणारी जीयूव्हीएनएल आणि वहन करणारी गेटको या दोघींची मुख्य कार्यालयं रेसकोर्सच्या सरदार पटेल विद्युत भवनात आहेत. राज्याचं भार प्रेषण केंद्र, म्हणजे एसएलडीसी, गोत्रीला आहे. कच्छमधल्या प्रकल्पाच्या माणसाला ज्या टेबलासाठी रात्रभर प्रवास करावा लागतो, ते आपल्या घरापासून स्कूटरवर पंधरा मिनिटांवर आहे. त्याचा उपयोग करा.

गुजरातमध्ये ११ केव्हीच्या (किलोव्होल्टच्या) वर ६६ केव्हीचं जाळं खेड्यापाड्यांत पसरलेलं आहे, त्यावर १३२, २२० आणि ४०० केव्ही. ५० मेगावॅट ३३ केव्हीवर न्यायचे म्हटले तर पावणेनऊशे अँपिअरच्या घरात करंट जातो. तेच ६६ वर नेले तर करंट निम्मा आणि त्याच तारेतली घट चौथाई. म्हणून या आकाराचा प्रकल्प ६६ केव्हीवर किंवा त्याच्या वर जोडायचा. आधी आसपासच्या पंधरा किलोमीटरमधल्या सगळ्या सबस्टेशनांची यादी करा. प्रत्येकात ट्रान्सफॉर्मरची क्षमता किती, दुपारी भार किती असतो, आधीच किती सौर प्रकल्पांनी जागा अडवून ठेवली आहे आणि नवीन बेसाठी आवारात मोकळी जमीन आहे का, हे सगळं पाहा. शेवटची गोष्ट कागदावर कळत नाही, कुंपणाशी उभं राहून पाहावी लागते.

मग गेटकोकडे जोडणीचा अर्ज. ते लोड फ्लो अभ्यास करतात, म्हणजे तुमची वीज आत आल्यावर कुठली लाइन किंवा ट्रान्सफॉर्मर अतिभारित होतो का ते तपासतात. मंजुरी टप्प्याटप्प्याने मिळते आणि तिच्याबरोबर बँक गॅरंटी आणि मुदती येतात. मुदत चुकली तर जागा दुसऱ्याला जाते. म्हणून मंजुरीचं पत्र आलं त्याच दिवशी लाइनच्या मार्गाचा सर्व्हे सुरू करा.

दहा किलोमीटर लाइन म्हणजे चाळीसेक टॉवर आणि तितकीच शेतं. ज्याच्या शेतावरून तार जाते त्या शेतकऱ्याला जमीन विकायची नसते, भाड्यानेही द्यायची नसते, आणि तरी तुमचा टॉवर त्याच्या बांधावर उभा राहणार असतो. प्रकल्प सर्वांत जास्त इथेच अडकतात. मोबदल्याची बोलणी पीक काढणीनंतर करा, उभ्या कपाशीत मजूर घालू नका. आणि दिलेला शब्द त्याच आठवड्यात पैशात उतरवा. रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, कालवा, जंगल यांपैकी काहीही ओलांडायचं असेल तर त्या-त्या खात्याची परवानगी वेगळी, आणि दूरसंचार तारांशी अंतर राखल्याचं पीटीसीसीचं प्रमाणपत्र त्याहून वेगळं. यांतला कुठलाही कागद शेवटच्या महिन्यात मागायला गेलात तर तयार प्रकल्प नुसता उन्हात उभा राहतो.

जमीन : कागद आणि नाला

७० मेगावॅट डीसीला स्थिर मांडणीत दोनशे एकरांच्या आसपास जमीन लागते. सूर्याबरोबर फिरणारे ट्रॅकर लावले तर आणखी. विघ्याच्या हिशोबावर व्यवहार करू नका. विघा दर भागात वेगळा असतो आणि त्यावरून सख्ख्या भावांत भांडणं झालेली मी पाहिली आहेत. लिखापढी हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्येच करा.

मुंबई राज्याचा वारसा असल्यामुळे महाराष्ट्रातल्या वाचकाला इथले कागद ओळखीचे वाटतील : सातबारा, आठ-अ आणि फेरफारांसाठी हक्कपत्रक, म्हणजे नमुना सहा. एनी-आरओआर या सरकारी संकेतस्थळावर ते पाहता येतात. पण पाहणं वेगळं आणि वाचणं वेगळं. मागच्या तीस वर्षांच्या फेरफारांची साखळी वकिलाकडून लावून घ्या. मध्ये कुठे बहिणींची नावं वगळून वारसनोंद झालेली असेल तर ती दुरुस्त झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्या बहिणी खऱ्या आहेत आणि त्यांचा हक्कही खरा आहे.

सातबारावर 'नवी शरत' लिहिलेलं दिसलं तर थांबा. ती जमीन सरकारी परवानगीशिवाय आणि प्रीमियम भरल्याशिवाय हस्तांतरित होत नाही. '७३ अअ' अशी नोंद असेल तर जमीन आदिवासी खातेदाराची आहे आणि तिला कायद्याचं वेगळं संरक्षण आहे. छोटाउदेपूरच्या बाजूला सरकाल तशी ही नोंद वाढत जाते. 'गौचर' लिहिलेलं असेल तर तो गावाच्या गुरांचा चारा आहे, त्या वाटेला जाऊच नये. गुजरातेत शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सरळ विकत घेता येत नाही. औद्योगिक वापरासाठी कुळकायद्याच्या ६३ अअ कलमाची वाट आहे. तिच्या अटी आणि मुदती वकिलाकडून लेखी घ्या आणि बिनशेती वापराची बाब त्यातच मार्गी लावा. भाडेपट्टा करणार असाल तर तो नोंदणीकृतच हवा आणि वीजविक्रीच्या कराराहून दोन-तीन वर्षं लांब हवा, कारण उभारणीला आधी आणि काढणीला नंतर वेळ लागतो. कर्ज देणारी बँकही याच कागदांकडे आधी पाहते.

सौर प्रकल्पाला २००६ च्या अधिसूचनेखालची पर्यावरण मंजुरी लागत नाही. त्याचा अर्थ पर्यावरणाकडे डोळेझाक करायची असा नाही. भावाने सांगितलेली जमीन डभोई तालुक्यात आहे म्हटल्यावर मी त्याला सर्वांत आधी वढवाणा तलावापासूनचं अंतर विचारलं. सयाजीराव महाराजांच्या काळात सिंचनासाठी बांधलेला हा तलाव २०२१ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेला. हिवाळ्यात तिथे हजारो पाहुणे पक्षी उतरतात. त्यांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर ६६ केव्हीच्या तारा टाकणं मला मान्य नाही, परवानगी मिळत असली तरी.

आता नाला. याबद्दल मी जरा लांबण लावणार आहे, कारण माझी आयुष्यातली सर्वांत महाग चूक इथली आहे.

माझ्या पहिल्या मोठ्या साइटवर सर्व्हे मार्चमध्ये झाला. जमीन सपाट, काळी, भेगाळलेली. मधून एक उथळ घळ जात होती. तीत बाभळी होत्या, पाण्याचा टिपूस नव्हता. नकाशावर तिला नाव नव्हतं. शेजारचे एक आजोबा म्हणाले होते, "साहेब, इथून पाणी जातं." आम्ही ती घळ बुजवली, वर रांगा टाकल्या आणि कंट्रोल रूमही जवळच घेतली. सपाटीकरणाच्या आराखड्यावर सही माझी होती. दुसऱ्या पावसाळ्यात एका रात्री वरच्या चार गावांचं पाणी जुन्या वाटेने आलं. दोन इन्व्हर्टर स्टेशनं कमरेइतक्या पाण्यात गेली, रांगांखालची माती वाहून पाइल, म्हणजे पॅनेलचा सांगाडा पेलणारे जमिनीत रोवलेले खांब, उघडे पडले, आणि अडवलेलं पाणी शेजारच्या तुरीत शिरलं. ती तूर त्या आजोबांची होती. इन्व्हर्टरचा विमा मिळाला. त्या तुरीसमोर उभं राहणं मला अजून आठवतं.

तेव्हापासून माझा नियम असा. सर्व्हे दोनदा, एक उन्हाळ्यात आणि एक पावसाळ्यात. भोवतालच्या पूर्ण पाणलोटाचा नकाशा, फक्त आपल्या कुंपणापुरता नाही. गावातल्या किमान पाच वयस्क माणसांना विचारायचं की सर्वांत मोठ्या पुरात पाणी कुठल्या झाडापर्यंत आलं होतं, आणि ती खूण लेव्हल मशीनने मोजून घ्यायची. बडोद्यात ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीने अर्ध्या शहराला पाण्यात ठेवलं. सरासरी पावसावर गटार आखणाऱ्या सल्लागाराला हे दोन दिवस दाखवा. इन्व्हर्टरचा चौथरा, ट्रान्सफॉर्मरचा पाया आणि कंट्रोल रूमचं जोतं त्या मोजलेल्या खुणेच्या वर हवं. आणि नाला बुजवायचा नाही. त्याच्या दोन्ही काठांना जागा सोडायची, मधल्या पाचसहा रांगा गमावायच्या आणि झोपताना निश्चिंत झोपायचं.

काळ्या मातीचा आणखी एक गुण : ती पावसात फुगते आणि उन्हात आकसते. पाइल वर उपसण्याची चाचणी कोरड्या मातीत घेतली तर उत्तर खोटं गोड येतं. चाचणीच्या जागी पाणी सोडून माती भिजवा, मग ओढा. उपसण्याची आणि आडव्या धक्क्याची, दोन्ही चाचण्या दर आठ-दहा एकरांत एकदा तरी घ्या. अर्थिंगसाठी मातीचा विद्युत रोधही त्याच फेरीत मोजून घ्या.

वीज घेणार कोण

इथे फार रेंगाळत नाही, कारण बहुतेक वाचकांच्या हातात हा निर्णय नसतो. मोठा मार्ग निविदेचा : जीयूव्हीएनएल किंवा सेकी, म्हणजे केंद्राची सोलर एनर्जी कॉर्पोरेशन, लिलाव काढते, सर्वांत कमी दर लावणाऱ्याला २५ वर्षांचा करार मिळतो आणि उभारणीला साधारण दीड ते दोन वर्षं. दुसरा मार्ग कारखान्यांना ओपन अॅक्सेसने, म्हणजे ग्रिडच्या तारा वापरून थेट, वीज विकण्याचा. त्यात दर बरा मिळतो, पण वहन शुल्क, अधिभार आणि ग्राहकाची पत यांचा धोका तुमच्याकडे येतो.

दराबद्दल एवढंच लक्षात ठेवा. २०१० साली गुजरातेत पहिल्या बारा वर्षांसाठी युनिटला १५ रुपये ठरले होते. डिसेंबर २०२० मध्ये जीयूव्हीएनएलच्या लिलावात १ रुपया ९९ पैसे आले. पंधरा रुपयांच्या काळात चार टक्के घट कुणाच्या लक्षातही येत नव्हती. आज तेवढ्या घटीत कर्जाचा हप्ता अडकतो. पुढची सगळी काटकसर या एका फरकातून आली आहे.

करारात कायदाबदलाचं कलम, ग्रिडने वीज नाकारली तर भरपाईचं कलम आणि उशिराच्या दंडाचा हिशोब वकिलाबरोबरच इंजिनिअरनेही वाचावा.

ऊन किती, वीज किती

मध्य गुजरातेत आडव्या पृष्ठभागावर वर्षाला चौरस मीटरमागे १९०० ते २००० युनिटच्या आसपास ऊन पडतं. बँक एका आकड्यावर समाधान मानत नाही. दोन वेगळ्या स्रोतांचा उपग्रह डेटा घ्या, पीव्हीसिस्टसारख्या सॉफ्टवेअरमध्ये घाला आणि दोन उत्तरं काढा : पी-५०, म्हणजे निम्म्या वर्षांत यापेक्षा जास्त वीज होईल असा आकडा, आणि पी-९०, म्हणजे दहापैकी नऊ वर्षांत यापेक्षा जास्त होईल असा. कर्जफेडीचा हिशोब पी-९० वर मांडा.

आता आपलं उदाहरण. ५० मेगावॅटला वर्षाचे ८,७६० तास आणि २५ टक्के सीयूएफ (पूर्ण क्षमतेने वर्षभर चालला असता त्याच्या तुलनेत प्रत्यक्षातली वीज) धरला तर १०.९५ कोटी युनिट. अडीच रुपये दर धरला तर २७ कोटींच्या थोडं वर वार्षिक उत्पन्न. म्हणजे एक टक्का घट ही वर्षाला २७ लाखांची. धूळ, सावली, सैल कनेक्टर, सदोष केबल, बंद पडलेला एक पंखा, या सगळ्या टक्क्याच्या अपूर्णांकातल्या गोष्टी आहेत आणि त्यांचं नुकसान लाखांत होतं. साइटवरच्या प्रत्येक मुलाला मी हा गुणाकार पहिल्या दिवशी कागदावर करायला लावतो.

आखणी

५७० वॅटचं पॅनेल घेतलं तर ७० मेगावॅटला सुमारे १ लाख २२ हजार ८०० पॅनेलं. ती मालिकेत जोडून स्ट्रिंग करायची आणि स्ट्रिंगचं व्होल्टेज १५०० च्या वर कधीही जाऊ द्यायचं नाही. नवे इंजिनिअर इथे उन्हाळ्याचा विचार करतात. विचार हिवाळ्याचा करायचा असतो, कारण थंडीत पॅनेलचं व्होल्टेज चढतं. समजा एका पॅनेलचं ओपन सर्किट व्होल्टेज ४९.५ आहे आणि तापमान गुणांक अंशामागे ०.२६ टक्के. जानेवारीच्या पहाटे सेल ५ अंशांवर असेल तर २५ अंशांच्या प्रमाण तापमानापेक्षा २० अंश खाली, म्हणजे ५.२ टक्के वाढ. २८ पॅनेलांचे १३८६ व्होल्ट चढून १४५८ होतात, चालतं. २९ लावली तर १५१० होतात आणि एका थंड सकाळी इन्व्हर्टर जातो. एक पॅनेल जास्त लावून केबल वाचवण्याचा मोह इथेच सोडा.

उन्हाळ्यात उलट. मे महिन्यात सेल ६५ अंशांपर्यंत तापतो आणि अंशामागे ०.३० टक्के गेले तरी १२ टक्के शक्ती हवेत जाते. म्हणून मेचं कडक ऊन पाहून जास्त विजेची आशा करू नये. रांगांच्या पाठीमागून वारा खेळेल एवढी उंची ठेवा. दोन्ही बाजूंनी वीज देणारी पॅनेलं असतील तर गवतापेक्षाही उंच ठेवा.

आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात बडोद्याचा मूलभूत वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर दिला आहे, कच्छमध्ये तो ५० आहे. कच्छचा आराखडा इथे आणला तर पोलाद वाया जातं. इथला तिकडे नेला तर बिपरजॉयसारख्या वादळात काय होईल याचा विचारही नको. ट्रॅकरला वादळात आडवं होण्यासाठी स्वतःची बॅटरी हवी, कारण वादळात आधी ग्रिडच जाते.

खरेदीबाबत दोनच मुद्दे. पॅनेल केंद्राच्या एएलएमएम यादीतलं, म्हणजे मान्यताप्राप्त मॉडेल आणि उत्पादकांच्या यादीतलं, हवं. ही सक्ती १ एप्रिल २०२४ पासून परत लागू झाली आहे, आणि सेलसाठीची दुसरी यादी १ जून २०२६ पासून लागू करण्याचा आदेश आहे, म्हणून करार करताना दोन्ही तारखा पाहा. आणि कारखान्यात तुमचा माणूस बसवा. कुठली काच, कुठला सेल, कुठलं बॅकशीट वापरणार याची यादी करारात हवी, आणि प्रत्यक्षात तेच वापरलं जातंय हे पाहायला कुणीतरी तिथे हवं. सेलमधल्या बारीक भेगा डोळ्यांना दिसत नाहीत, ईएल छायाचित्रात, म्हणजे पॅनेलमध्ये करंट सोडून काढलेल्या छायाचित्रात, दिसतात. ती छायाचित्रं क्रमांकासह मागून ठेवा. दहा वर्षांनी वॉरंटीचा दावा त्यांच्यावरच उभा राहतो.

उभारणी

पाइल, टेबल (पॅनेलं बसवायचा सांगाडा), पॅनेल, डीसी केबल, इन्व्हर्टर, ३३ केव्ही केबल, स्वतःचं ३३/६६ सबस्टेशन : क्रम सरळ आहे. पण पावसाळ्याचे चार महिने काळ्या मातीत क्रेन जात नाही. म्हणून आतले मुरमाचे रस्ते आणि गटारं सर्वांत आधी, कितीही घाई असली तरी. ट्रान्सफॉर्मर आणि स्विचगिअर यायला महिने लागतात, त्यांच्या ऑर्डरी पाइलच्या आधी द्या. बडोद्याच्या आसपास ट्रान्सफॉर्मर आणि केबल बनवणारे कारखाने बरेच आहेत, चाचणीच्या दिवशी स्वतः जाऊन उभं राहता येतं.

मी सर्वांत जास्त वेळ कनेक्टर लावणाऱ्या पोरांबरोबर काढतो. पॅनेलचा कनेक्टर एका बनावटीचा आणि केबलचा दुसऱ्या बनावटीचा, दोन्ही एकमेकांत बसतात, 'टक' आवाजही येतो आणि दोन वर्षांत जळतात. एकाच बनावटीची जोडी, योग्य क्रिम्पिंग हत्यार आणि कनेक्टर जमिनीला न टेकता टेबलाला बांधलेला. २८ पॅनेलांच्या जवळजवळ चार हजार चारशे स्ट्रिंग आहेत, त्यांत एक टक्का वाईट जोडण्या म्हणजे चव्वेचाळीस आगी लागायच्या जागा.

आणि हे त्या पोरांना त्यांच्या भाषेत, गुजराती असो, हिंदी असो की पंचमहालातली भिली, सांगितलंच पाहिजे : दिवसा पॅनेल बंद करता येत नाही. ऊन आहे तोवर तारेत हजाराहून जास्त व्होल्ट आहेत. एसीची ठिणगी दर चक्रात शून्यावर येऊन विझते, डीसीची विझत नाही. चालू भारावर कनेक्टर ओढला तर हात जातो.

चार्जिंग

तयार प्रकल्प ग्रिडला जोडण्याच्या आधी चार दारं : विद्युत निरीक्षकाची परवानगी, गेटकोच्या बेची आणि एबीटी मीटरची (दर पंधरा मिनिटांची वीज नोंदणाऱ्या मीटरची) तपासणी, गोत्रीच्या एसएलडीसीच्या पडद्यावर तुमचा डेटा दिसणं, आणि प्रथम चार्जिंगची संमती. त्यानंतर जेडाचं, म्हणजे राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेचं, कार्यान्वयनाचं प्रमाणपत्र. विद्युत निरीक्षकाकडे आराखडे उभारणीच्या आधीच मंजूर करून घ्यायचे असतात. बांधून झाल्यावर 'इथे अंतर कमी आहे' हे ऐकायची वेळ येऊ देऊ नका.

इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये एलव्हीआरटी, म्हणजे व्होल्टेज कोसळलं तरी ग्रिडला जोडून राहण्याची सोय, तपासा. ग्रिडचं व्होल्टेज क्षणभर १५ टक्क्यांवर कोसळलं तरी इन्व्हर्टरने ३०० मिलिसेकंद तग धरला पाहिजे असा केंद्रीय मानकांचा नियम आहे. कुठेतरी लाइनवर झाड पडलं आणि सगळे सौर प्रकल्प एकदम सुटले तर राज्याचं नुकसान होतं. कारखान्यातून आलेली सेटिंग बरोबर असेल असं धरून चालू नका, एकेक इन्व्हर्टर उघडून पाहा.

चालवणं

उभारणी दीड वर्ष चालते, चालवायचं पंचवीस. तरी उभारणीला साठ इंजिनिअर आणि चालवायला तीन, तेही सर्वांत नवखे, असं बहुतेक ठिकाणी होतं. मला हे चुकीचं वाटतं आणि मी जिथे काम केलं तिथे ते बोलून दाखवलं आहे. किमान एक उभारणीतला माणूस साइटवर राहू द्या. कुठली केबल कुठून गेली हे नकाशापेक्षा त्याला जास्त माहीत असतं.

धुण्याचा हिशोब घ्या. ऑक्टोबरपासून जूनपर्यंत धूळ रोज ०.३ टक्के वीज खाते असं धरू. रोजचं उत्पन्न साडेसात लाख. दर दहा दिवसांनी धुतलं तर त्या काळात सरासरी दीड टक्का घट, म्हणजे सव्वा लाखाच्या आत. दर वीस दिवसांनी धुतलं तर सरासरी तीन टक्के, वीस दिवसांचे साडेचार लाख. अंतर दुप्पट केलं की एका फेरीचं नुकसान चौपट होतं. यासमोर एका फेरीचा खर्च ठेवा आणि तुमच्या साइटचा दिवस ठरवा. माझा दहाचा आकडा उचलू नका, कारण नॅशनल हायवेलगतची धूळ आणि उसाच्या शेतामधली धूळ सारखी नसते. एक स्ट्रिंग रोज धुऊन, शेजारची न धुता, दोघींतला फरक महिनाभर मोजला की तुमचा आकडा मिळतो.

पाणी पॅनेलमागे दीड लिटर धरलं तरी एका फेरीला १ लाख ८४ हजार लिटर लागतं, म्हणजे दहा हजारांचे अठरा टँकर. बोअरचं पाणी क्षारयुक्त असेल तर काचेवर पांढरे डाग राहतात आणि ते मग निघत नाहीत. ज्या गावात मार्चमध्ये हंडे रांगेत लागतात तिथे आपण काचा धुण्यासाठी बोअर उपसणं योग्य नाही. तिथे बिनपाण्याचे रोबो बसवा, सुरुवातीला महाग पडले तरी. पाण्याने धुवायचं तर संध्याकाळी किंवा पहाटे, तापलेल्या काचेवर थंड पाणी मारू नका.

दुसरी गोष्ट परफॉर्मन्स रेशोची, म्हणजे पडलेल्या उन्हाच्या मानाने व्हायला हवी त्यातली किती वीज झाली या आकड्याची. रोज सकाळी सगळे तो आकडा पाहतात. तो घसरला की धावपळ होते, चढला की आनंद होतो. चढल्यावरही तपासा. ऊन मोजणाऱ्या पायरानोमीटरच्या काचेवर धूळ बसली की ऊन कमी नोंदलं जातं आणि प्रकल्प उगाच हुशार दिसतो. एका साइटवर तीन महिने सगळे खूश होते. काच पुसली तेव्हा तीन टक्क्यांची खरी घट समोर आली. ती काच रोज पुसायची, कामाच्या यादीत सगळ्यात वर.

दिवसाचे ९६ तुकडे, प्रत्येक पंधरा मिनिटांचा, आणि प्रत्येकात किती वीज देणार ते आदल्या दिवशी कळवायचं. चूक मर्यादेबाहेर गेली की दंड. अंदाज वर्तवणारी संस्था वेगळी असते, पण तिला साइटवरून खरी माहिती लागते. उद्या दोन इन्व्हर्टर दुरुस्तीला काढणार असाल तर आजच कळवा. आषाढातल्या ढगांचा अंदाज कुणालाच पक्का येत नाही, पण स्वतःच्या दुरुस्तीचा तरी यावा.

वर्षाचं चक्र इथल्या ऋतूंवर बसवा. मेमध्ये इन्व्हर्टरचे पंखे आणि जाळ्या, कारण तापला की तो स्वतःच शक्ती कमी करतो. पहिल्या पावसाच्या आधी गटारं उपसणं आणि केबलच्या वाटा बंद करणं, नाहीतर उंदीर आत आणि पाणीही आत. पाऊस सुरू झाला की पहाटे इन्सुलेशनचे अलार्म येतात. दवाने येणारा अलार्म दहा वाजता आपोआप जातो आणि सोललेल्या केबलचा राहतो. पहिला नोंदवा, दुसरा त्याच दिवशी शोधा. श्रावणात गवत पॅनेलच्या कडेपर्यंत चढतं. एका पात्याची सावलीही सेलचा ठराविक भाग तापवते. गवत कापताना यंत्राने उडालेले खडे काचा फोडतात, म्हणून रांगांजवळ हाताने कापा. कापणाऱ्यांना गुडघ्यापर्यंतचे बूट द्या, साप असतातच. नवरात्रानंतर ड्रोनने पूर्ण थर्मल तपासणी, तेव्हा आकाश स्वच्छ असतं आणि पॅनेल पावसाने धुतलेली. ट्रान्सफॉर्मर तेलाची आणि रिलेची चाचणी हिवाळ्यात.

आणि उत्तरायण. बाहेरच्या कंपन्यांच्या वेळापत्रकात हे नसतं. १४ आणि १५ जानेवारीला आकाश पतंगांनी भरतं. तुटलेला मांजा ६६ केव्हीच्या तारांवर आणि इन्सुलेटरवर लोंबकळतो आणि पहाटेच्या धुक्यात ओला होऊन लाइन पाडतो. त्यात धातूचा अंश असला तर ओल्या हवेचीही गरज नाही. वासी उत्तरायणाच्या (१५ जानेवारीच्या) दुसऱ्या दिवशी पूर्ण लाइनवर माणसं पाठवा, लाइन रीतसर बंद करून घेऊन मांजा उतरवा. आदल्या आठवड्यात लाइनखालच्या गावांतल्या शाळांमध्ये जाऊन मुलांना सांगा की तारेवर अडकलेला पतंग काढायला काठी लावायची नाही. ही फेरी मी स्वतः करतो.

परत देताना

फुटलेली आणि बाद झालेली पॅनेलं भंगारवाल्याला देता येत नाहीत. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलं आली आहेत. साइटवर छपराखाली त्यांची वेगळी जागा करा आणि प्रत्येकाच्या क्रमांकाची नोंद ठेवा.

भाड्याची जमीन असेल तर पंचवीस वर्षांनी ती शेत म्हणून परत जायची आहे, हे भाडेपट्ट्यात पैशासकट लिहा. पाइल जमिनीलगत कापून टाकणं स्वस्त पडतं, पण उरलेलं पोलाद पुढच्या नांगरटीला ट्रॅक्टरच्या फाळाला लागतं. पाइल मुळासकट उपसायचे, खड्डे त्याच काळ्या मातीने भरायचे आणि गाडलेल्या केबल ओढून काढायच्या. भावाला मी हे कलम फोनवरच शब्दशः लिहून घ्यायला लावलं. त्याने सबस्टेशनची यादी अजून पाठवलेली नाही, बयाणाही दिलेला नाही.